तीन ग्रीक अक्षरे

ग्रीक लिपीशी माझा संबंध शाळेतल्या भूमितीपुरता. पाय आणि थीटा यांच्यापलीकडची अक्षरे कधी घरात शिरतील असे वाटले नव्हते. पण नातू अमेरिकेत कॉलेजात गेला आणि दूरध्वनीवर अल्फा, डेल्टा, सिग्मा यांचीच चर्चा सुरू झाली. तिकडे विद्यार्थ्यांचे बंधुसंघ असतात. त्यांना 'फ्रॅटर्निटी' म्हणतात आणि दोनतीन ग्रीक अक्षरे हेच बहुतेकांचे नाव. 1776 साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात 'फाय बीटा कॅपा' निघाली, तेव्हापासूनची ही रीत. ती पुढे विद्वानांची संस्था झाली. हल्लीच्यासारखे स्नेहसंघ रुजले ते 1825 नंतर, न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजातून.

संघ निवडण्याची तऱ्हा मात्र थेट आपल्याकडची. सत्राच्या आरंभी मुले या संघांच्या घरी हिंडतात. त्याला 'रश' म्हणतात. पाहण्याचा कार्यक्रमच म्हणा ना, पोहे नसतात एवढेच! मुलगा संघ पाहतो, संघ मुलगा पाहतो. पसंती झाली की संघाकडून 'बिड', म्हणजे आमंत्रण येते. ते स्वीकारले की काही आठवडे 'प्लेज' म्हणून उमेदवारी, आणि मग दीक्षा.

नातवाला आमंत्रणे दोन आली. एक पांढऱ्या खांबांच्या हवेलीतून; तिथले माजी सभासद मोठमोठे वकील नि पेढीवाले. दुसरे भाड्याच्या जुनाट घरातून. तिथली बहुतेक मुले आपल्या उपखंडातल्या आईबापांची. असे संघ तिकडे अलीकडचे. ऑस्टिनचा 'डेल्टा एप्सिलॉन साय' 1998 सालचा. जावईबापूंचे मत हवेलीकडे, "ओळखी होतील!" लेकीचे दुसरीकडे, "आपली मुलं आहेत." आणि नातू म्हणतो, "आबा, तुम्ही सांगा."

'आपली' या शब्दाशी मी थबकलो. मी कोल्हापूरचा. आमच्या गावात शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी करविली, कारण खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला शहरात ओसरीसुद्धा मिळत नसे. कॉर्नेल विद्यापीठात 1906 साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' काढली, तीही इतरांची दारे बंद होती म्हणूनच. ज्याला दार नाही त्याने स्वतःचे दार बसवावे, यात गैर काय? पण माझ्या नातवापुढे तर दोन दारे उघडी होती. मग आपली मुले कोणती, हे आडनावावरून कसे ठरवायचे?

शिवाय मला धास्ती होती ती 'हेझिंग'ची. आपण त्याला रॅगिंग म्हणतो. आपल्या महाराष्ट्रात त्याविरुद्ध 1999 साली कायदा झाला. तिकडे 2017 साली पेन्सिल्व्हेनियात संघप्रवेशाच्या रात्री भरमसाट दारू पाजलेला 19 वर्षांचा एक मुलगा जिन्यावरून कोसळला. 'भाऊ' म्हणविणाऱ्यांनी कितीतरी तास मदत बोलावली नाही, आणि तो दगावला. डिसेंबर 2024 मध्ये तिथे केंद्राचा कायदा झाला. आता दोषी ठरलेल्या संघांची नावे कॉलेजांना जाहीर करावी लागतात. ती यादी आधी वाच, असे मी नातवाला बजावले. यादीत दोन्ही नावे नव्हती. तेवढ्याने माझे समाधान थोडेच होणार!

म्हणून मी म्हटले, "दोन्हीकडे एकच विचार. जेवणानंतर भांडी कोण घासतं?"

तो हसला, पण विचारून आला. हवेलीत उत्तर मिळाले, "प्लेज घासतात, आणखीही बरंच करतात," आणि मग सगळे एकमेकांकडे पाहून हसले. जुन्या घरात कोणी उत्तरच दिले नाही. एकाने त्याला स्वयंपाकघरात नेऊन भिंतीवरचा कागद दाखविला. वारांपुढे नावे होती, आणि सोमवारी खुद्द अध्यक्षाचे. खाली कोणीतरी लिहिले होते की याने कढई कधीच नीट घासलेली नाही.

नातवाच्या वाट्याला आता गुरुवार आला आहे. घरी त्याने स्वतःचे ताटसुद्धा कधी उचलले नाही, म्हणून लेकीचा विश्वासच बसेना. तिने फोटो मागविला आहे.