लॅक्सटनचे पंच

ती. अण्णाकाकांस,


बांधाच्या वादापायी तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या किती झिजवल्यात ते मी पाहिलंय, म्हणून हे मुद्दाम लिहिते. इथे नॉटिंगहॅमशरमध्ये लॅक्सटन नावाचं लहानसं गाव आहे. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही त्याची तीन मोठी शिवारं. आत कुंपण म्हणून नाही, शेतकऱ्यांचे लांबट पट्टे नुसते शेजारी शेजारी. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पडीक किंवा चाऱ्याला, दरसाल फेरपालट. एके काळी इंग्लंडच्या मोठ्या भागात अशीच शेती होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने कायदे करकरून पट्टे एकत्र केले, कुंपणं घातली आणि गरिबाची गाय चरायची ती गायरानं गेली. लॅक्सटन मात्र वाचलं. जमीन तीन दिशांना विखुरलेली, म्हणून शेतकऱ्यांची घरं अजून गावातल्या रस्त्यालाच आहेत.

नोव्हेंबरअखेरच्या गुरुवारी गावातलेच बारा पंच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गव्हाच्या शिवारात जातात. चिखल तुडवत हद्द बघतात आणि खुंट्या ठोकतात. कुणाचा नांगर शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा सामाईक गवतात घुसला असेल तर नोंद होते. पंचांचे स्वतःचे पट्टेही यातून सुटत नाहीत! मग डव्हकोट इनमध्ये सगळ्यांचं जेवण. आठवड्याने गावचं कोर्ट बसतं आणि दंड ठरतो. रक्कम किरकोळ असते, पण चारचौघांत नाव पुकारलं जातं, आणि माझ्या मते खरा धाक त्याचाच. 1977 च्या कायद्याने अशा जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले, तेव्हाही लॅक्सटनला सूट मिळाली.

गावाचा 1635 सालचा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत आहे. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराचं ते काम. त्यात पट्टान् पट्टा दाखवलाय. जमीन अर्ल मॅन्व्हर्सकडून 1952 मध्ये सरकारकडे गेली, नंतर क्राउन इस्टेटकडे, आणि 2020 मध्ये पुन्हा मॅन्व्हर्स यांच्याच थोरस्बीच्या घराण्याकडे आली. या सगळ्यात पंचांची फेरी चालूच राहिली. काका, वाद होण्याआधीच दरवर्षी शेजाऱ्यांनी मिळून हद्द बघायची, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या भावकीत कुणी एवढं मनावर घेतलं असतं तर तुमची उमेदीची वर्षं वाचली असती.

उन्हाळ्यात याल तेव्हा तिथे नक्की जाऊ. काकूंना नमस्कार.

आपली,
सुमा