फोटो कुठल्या तिथीचा?

मिऱ्याचा दगडी बंधारा पावसाळ्यात कुठे ना कुठे खचतो आणि समुद्र किती आत आला यावर रत्नागिरीत पुन्हा वाद रंगतो. कुणी म्हणतं, पांढऱ्या समुद्रावर आम्ही क्रिकेट खेळायचो तिथे आता लाटा आहेत. कुणी म्हणतं, वाळू जाते तशी दिवाळीनंतर परतही येते. मी भूगोल शिकवते. हे एकदा मोजून बघावं असं मनाने घेतलं. मोजायला लागणारी चित्रं फुकट मिळतात हे ठाऊक होतं. अमेरिकेच्या लँडसॅटचा संग्रह २००८ पासून सगळ्यांना खुला आहे, युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासूनची आहेत आणि आपल्या रिसोर्ससॅटची चित्रं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या ‘भूनिधी’वर मिळतात.

या कॅटलॉगांत खरा शोध अक्षांश-रेखांशांनी होतो. १७ अंश उत्तर, ७३.३ अंश पूर्वेच्या आसपास चौकोन आखायचा, तारखा द्यायच्या, ढगांची मर्यादा ठरवायची. जून ते सप्टेंबरची यादी जवळपास रिकामीच येते. ढगांच्या टक्केवारीवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. सेंटिनेल-२ च्या चित्राचा एक चौकोन सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद असतो, समुद्रापासून थेट घाटापर्यंत. सह्याद्रीवर ढग दाटले असले तरी किनारा लख्ख असू शकतो. चाळीस टक्के ढग लिहिलेलं चित्र उघडावं आणि मिऱ्याचा डोंगर, मिरकरवाडा बंदर, भाट्याची खाडी सगळं स्वच्छ दिसावं, असं बऱ्याचदा होतं. म्हणून मी मर्यादा सैल ठेवते आणि छोटी चित्रं एकेक करून डोळ्यांनी तपासते. वेळ जातो, पण त्याला इलाज नाही.

माझ्या मामांचा जन्म होडीवर गेला. उपग्रह त्यांना नवा नाही. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’कडून मासे सापडण्याच्या संभाव्य जागांचा जो सल्ला येतो, त्याच्यामागे समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांची उपग्रहाने केलेली मोजणी असते. त्यांना मी दोन वेगवेगळ्या वर्षांची चित्रं शेजारी-शेजारी लावून दाखवली. एकात वाळूचा पट्टा चांगला रुंद होता, दुसऱ्यात अगदी अरुंद. मामांनी वाळूकडे बघितलंच नाही.

“अगं, पण फोटो कुठल्या तिथीचा? आणि वाजले किती होते?”

त्याचं उत्तर चित्राच्या फाइलीच्या नावातच असतं. कोणता उपग्रह, प्रक्रियेची पातळी कोणती, मग तारीख आणि वेळ. वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. आपल्या किनाऱ्यावर सेंटिनेल-२ ची वेळ साधारण पाच-चाळीस लिहिलेली असते, म्हणजे आपल्याकडे सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. ही वेळ फारशी बदलत नाही, कारण उपग्रहाची कक्षाच अशी आखलेली आहे की प्रत्येक गावावरून तो रोज नव्हे, पण येईल तेव्हा सूर्याच्या त्याच वेळेला जावा.

आता कोकणातला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंधरा तिथींची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला आणि अमावास्येला उपग्रह येतो तो ऐन उधाणाच्या भरतीला. अष्टमीची पाऊणपट सहा. त्या दिवशी अकराच्या सुमारास भांगाची ओहोटी संपत आलेली असते. रुंद पट्ट्याचं माझं चित्र अष्टमीच्या आसपासचं होतं, अरुंद पट्ट्याचं अमावास्येजवळचं. त्या दोहोंतला फरक समुद्राने खाल्लेल्या जमिनीचा आहे की पाण्याच्या चढ-उताराचा, हे नुसत्या तारखांवरून कधीच कळलं नसतं. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर संगणकाशेजारी पंचांग असतं. चित्रं निवडायची ती एकाच ऋतूतली, शक्यतो फेब्रुवारी-मार्चची, आणि एकाच तिथीच्या आसपासची.

यातून आणखी एक गोष्ट उलगडली आणि मला तिचं फार अप्रूप वाटलं. उधाणाची ओहोटी, जेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं, ती आपल्याकडे पहाटे-संध्याकाळी पाच-सव्वापाचच्या सुमारास असते. अकराला येणाऱ्या उपग्रहाला ती कधी दिसणारच नाही, कितीही वर्षं फिरला तरी. तिथे सेंटिनेल-१ कामी येतो. तो रडारने बघतो, ढगांची आणि उजेडाची त्याला पर्वा नाही, आणि त्याची फेरी सकाळी किंवा संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराची. त्याच्या चित्रात ओली वाळू आणि शांत पाणी दोन्ही काळपट दिसतात, त्यामुळे काठ ओळखणं कष्टाचं आहे, पण ओहोटीच्या जवळची वेळ तरी हाती लागते.

मोजमापाची मर्यादाही सांगायला हवी. सेंटिनेल-२ चा एक ठिपका १० मीटरचा, लँडसॅटचा ३० मीटरचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मिऱ्याला लागलेलं ‘बसरा स्टार’ जहाज सगळ्या रत्नागिरीने जाऊन बघितलं. या चित्रांत ते म्हणजे मोजके ठिपके. पाच मीटर किनारा गेला, असा दावा कुणी या चित्रांवरून केला तर मी तो मानणार नाही. २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणाने ५ मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रं खुली ठेवायचं ठरवलं आहे. रिसोर्ससॅटवरच्या लिस-४ कॅमेऱ्याची ५.८ मीटरची चित्रं त्यात बसतात, म्हणून माझी पुढची आशा त्यांच्यावर आहे.

किनाऱ्याच्या रेषा आखून झाल्यावर त्या स्वतःच्या संगणकात ठेवून देणं मला पटेना. मिऱ्याच्या किनाऱ्याचा एक सुबक नकाशा पूर्वी माझ्या हाती आला होता. त्यावर ना चित्राची तारीख होती, ना वेळ, ना उपग्रहाचं नाव. करणाऱ्याची मेहनत दिसत होती, पण तुलनेसाठी तो कवडीच्याही उपयोगाचा नव्हता, आणि विचारायचं कुणाला तेही कळत नव्हतं. माझ्या रेषा मी झेनोडोवर ठेवल्या. युरोपातल्या सर्न संस्थेचं ते खुलं भांडार आहे. तिथे प्रत्येक नोंदीला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक मिळतो, पत्ता हरवत नाही.

चढवायला काही मिनिटं लागली. वर्णन लिहायला मात्र अनेक संध्याकाळी गेल्या. कोणत्या चित्रावरून कोणती रेषा काढली, त्या मूळ फाइलीचं संपूर्ण नाव. काठ कशाला मानला: लाटेच्या फेसाला, ओल्या वाळूला की बंधाऱ्याला. निर्देशांक-पद्धत, वापराची परवानगी, चुकीची शक्यता किती. आणि एक रकाना तिथीचा, पाऊणपटीचं सूत्र इंग्रजीत नीट समजावून. असा रकाना कुठल्या ठरावीक नमुन्यात नसतो, पण आमच्या किनाऱ्याचा विदा त्याच्याशिवाय अर्धवट आहे असं मला ठामपणे वाटतं. वेळ आणि जागा दिली की भरतीची उंची गणिताने काढता येते हे खरं. पण देवगडच्या किंवा हर्णैच्या एखाद्या मुलाला कॅलेंडर उघडून ती लगेच ताडून बघता आली पाहिजे.

मामांना ती नोंद उघडून दाखवली. तिथीचा रकाना त्यांनी बोट ठेवून वरून खालपर्यंत वाचला आणि एका षष्ठीपाशी थांबले. म्हणाले, “वाऱ्याचंही लिही. दक्षिणेचा वारा जोरात असला की पाणी हिशेबापेक्षा वर चढतं.” पुढच्या आवृत्तीत वाऱ्याचा रकाना घालायला घेतला आहे.