नवसाचा देव आणि नित्याचा देव

घरात कुणाला दारूचं व्यसन लागलं की आपल्याकडे डॉक्टरच्या आधी देव आठवतो. कुणी नवस बोलतं, कुणी अंगारा आणतं, कुणी त्या माणसाला हाताला धरून देवळात नेतं आणि शपथ घ्यायला लावतं. यात हसण्यासारखं काही नाही. ज्या घरात हे दुखणं शिरलं आहे, तिथल्या बाईला बुडताना काडीचाही आधार वाटतो; देव तर काडीहून कितीतरी मोठा! पण देवाकडे जाण्याच्याही तऱ्हा असतात, आणि दारू सुटण्याच्या कामी सगळ्याच सारख्या उपयोगी पडत नाहीत, हे मी माझ्याच घरात पाहिलं. म्हणून हे चार शब्द.

आम्ही नागापूरला राहतो. अहमदनगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, मनमाडच्या रस्त्याने निघालं की ही औद्योगिक वसाहत लागते. आमचे हे इथल्या एका कारखान्यात टर्नर आहेत. घर सांभाळून मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. दोन मुलं, सासूबाई, आणि यांच्या पाळ्यांप्रमाणे बदलणारं स्वयंपाकाचं वेळापत्रक, असा आमचा संसार. इथे पगाराच्या दिवशी संध्याकाळी किती घरांतल्या बायका दाराकडे कान लावून बसतात, ते ज्यांचं त्यांनाच ठाऊक. बरीच वर्षं त्यांतली एक मीही होते.

सासूबाईंनी यांना माळीवाड्याच्या विशाल गणपतीला नेलं. ते नगरचं ग्रामदैवत. गणपतीसमोर यांनी शपथ घेतली, डोळ्यांत पाणी आणून घेतली, आणि मनापासून घेतली. ती एकोणीस दिवस टिकली. दुसरी शपथ मुलीच्या डोक्यावर हात ठेवून झाली. ती दीड महिना चालली. तिसऱ्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, “चल रे, पुन्हा जाऊन येऊ,” तर हे जागचे हलेनात. पुढे पुढे तर घरातल्या देवघरासमोरूनही हे मान खाली घालून जायला लागले. पूर्वी आंघोळ झाली की उदबत्ती लावायचे, तीही बंद. सासूबाईंना वाटलं, पोरगा नास्तिक झाला.

मला मात्र आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याचं दुकान आठवायचं. उधारी थकली की माणूस त्या गल्लीने जाणंच टाळतो, लांबचा वळसा घालून घरी येतो. यांचं देवाच्या बाबतीत तसंच झालं होतं. शपथ मोडली की देव सावकार होऊन बसतो. ज्याच्या आधाराची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याच दाराशी जायची चोरी!

देवळातली शपथ आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून परतले, तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या. अण्णांनी आपल्या फंडाचे पैसे घालून यादवबाबांचं पडकं देऊळ दुरुस्त केलं, त्याच देवळात गावकरी जमवले आणि दारूबंदीचा निर्णय तिथेच झाला. देवासमोर दिलेला शब्द, म्हणून त्याला वजन आलं. ऐकलं नाही त्याला खांबाला बांधून चोप दिल्याचंही अण्णांनी लपवलेलं नाही. गावातल्या भट्ट्या बंद व्हायला अशा शपथेचा उपयोग झाला, हे खरं. पण नागापुरात आम्हाला सगळा गाव राखण करायला नव्हता. आणि भट्टी बंद करणं वेगळं, माणसाच्या आतली ओढ बंद करणं वेगळं. ती ओढ रोज सकाळी नव्याने उठते.

२०२१ साली यांना कावीळ झाली आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, हा आजार आहे, नुसता वाईटपणा नव्हे. दुसरी जास्त महत्त्वाची: वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू तोडू नये. अंगाला कापरं भरतं, फिट येऊ शकते, भलतंसलतं दिसायला लागतं, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जिवावरही बेतू शकतं. ते पहिले दिवस औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या नजरेखाली काढावे लागतात. मैत्रिणींनो, नवस जरूर बोला, पण हे आधी लक्षात ठेवा.

तिथून यांना पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. पुण्यात या कामाची वाट रुळली ती १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’मुळे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी ते उभं केलं, आणि पु. ल. देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. यांच्या केंद्रात ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ची माणसं येत. नाव इंग्रजी असलं तरी रीत साधी आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा एक शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ नावाचा एक सर्जन, दोघेही दारूपायी बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले. आपल्यासारख्याच दुसऱ्याशी खरं खरं बोललं की तेवढा वेळ प्यावंसं वाटत नाही, हे त्यांना उमगलं. त्यातून ही मंडळी वाढत गेली. फी नाही, आडनाव सांगायचं नाही, आणि वचन द्यायचं ते जन्माचं नाही, फक्त आजच्या दिवसाचं.

त्यांच्या बारा पायऱ्या आहेत आणि त्यांत देवाचं नाव वारंवार येतं. पण पहिल्या मंडळींत देव न मानणारेही होते. त्यामुळे शब्दांवरून बरीच चर्चा झाली आणि ठरलं ते असं की देव ज्याला जसा समजेल तसा त्याने घ्यावा. कुणाला विठ्ठल, कुणाला येशू, कुणाला समोर बसलेली चार माणसं हाच आधार. अकरावी पायरी आहे रोजच्या प्रार्थनेची आणि ध्यानाची. तिच्यात मागणी अशी नसतेच. देवाशी संबंध ताजा राहावा आणि आज काय करायचं ते कळावं, एवढंच. सुटका कायमची पदरात पडत नाही, ती एकेका दिवसापुरती मिळते, अशी त्यांची धारणा आहे.

हे यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मग हा तर नित्यनेम झाला!” त्यांचे वडील माळकरी. तुळशीची माळ गळ्यात घातली की दारू आणि मांसमच्छर वर्ज्य, हे आपल्या वारकऱ्यांनी किती पिढ्यांपासून पाळलं आहे. पण नुसती माळ घालून वारकरी थांबत नाही. वारी वर्षाची, एकादशी पंधरा दिवसांची, आणि हरिपाठ रोज संध्याकाळचा. माळ एकदा घालायची असते, हरिपाठ मात्र काल म्हटला म्हणून आज चुकवायचा नसतो. अमेरिकेतल्या माणसांना जे सापडलं, ते सासूबाईंच्या माहेरी ओसरीवर बसून चाललेलं होतं!

तरीही खरी कसोटी पुढेच होती. केंद्रातून आल्यावर आठ महिन्यांनी चुलतदिराच्या लग्नात, हळदीच्या रात्री, यांनी घेतली. मी रात्रभर जागी होते. सकाळी वाटलं, आता हे पुन्हा लांबचा वळसा घालणार. पण हे उठले, आंघोळ केली आणि देवघरासमोर जाऊन उभे राहिले. माफी मागितली नाही की नवी शपथ घेतली नाही. हळूच म्हणाले, “आजचा दिवस सांभाळ.” मग त्यांनी गटातल्या एकाला फोन लावला आणि रात्रीचं सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी माझ्या मनाला पहिल्यांदा धीर आला. पिऊन झाल्यावरही देवाच्या दारात येता आलं, म्हणजे उधारीचं खातं मिटलं होतं. आता रोजचा रोख व्यवहार.

त्यानंतर आजवर यांनी घेतलेली नाही. सकाळी ते एक वाक्य, रात्री निजण्यापूर्वी हात जोडून “आजचा गेला,” आणि आठवड्याची सभा. पाळी कुठलीही असो, एवढं होतंच. कधी देवघरासमोर मन लागत नाही असंही सांगतात. तरी उभे राहतात.

आणि आपलं काय? पीडिताच्या घरच्यांसाठीही असेच गट आहेत. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली त्याची सुरुवात करून दिली. ‘अल्-अनॉन’ असं त्याचं नाव. तिथे पहिल्यांदा सांगतात ते हे: हे व्यसन तुमच्यामुळे लागलेलं नाही, ते तुमच्या ताब्यात राहणारं नाही आणि ते बरं करणंही तुमच्या हातात नाही. हे ऐकून मला रडू आलं होतं. कारण आपण बायका देवासमोर उभ्या राहतो त्या सगळ्या घराचे अर्ज हातात घेऊन. यांचं हे, मुलांचं ते. आपलं स्वतःचं कधी काही बोलायचं राहूनच जातं.

आता मीही सांजवात लावल्यावर पाच मिनिटं बसते. मुलांना सांगून ठेवलंय, तेवढ्यात हाक मारायची नाही. त्या वेळात मी यांच्यासाठी काही मागत नाही. शाळेत एखादं पोर आज वाचायला लागलं, एखादा शब्द सासूबाईंना लागेल असा गेला, उद्या कशाची भीती वाटते आहे, असं जे असेल ते सांगते. यांची दारू उद्या पुन्हा सुरू होणार नाही असं लिहून द्यायला देवही तयार नाही, हे मला ठाऊक आहे. पण उद्या काहीही झालं तरी ही पाच मिनिटं माझी राहतील.

तुमच्या घरात हे दुखणं असेल तर डॉक्टर गाठा, गट शोधा, आणि शपथेसाठी माणसाला देवळात ओढू नका. तो आपणहून देवघराकडे वळला तर उदबत्तीची काडी हाताशी ठेवा, बस्स. आणि त्याच्या आधी, त्याच्या नंतर, तुमचीही पाच मिनिटं काढा. भाजी करपणार नाही, गॅस बारीक करून बसा.