पाणी कुठं बसणार?

पुणेकराला नदीचा पत्ता विचारा, तो पुलाचे नाव सांगेल. लकडी पूल, नवा पूल, संगम पूल! नदी ही आपली नुसती ओलांडण्याची गोष्ट झाली आहे. काठावर घटकाभर बसावे असे कोणाला वाटत नाही. म्हणूनच लकडी पूल आणि ओंकारेश्वर यांच्या दरम्यान मुठेकाठी लोकांना बसायला-फिरायला एक जागा आखून द्यायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी मोठा हरखलो. मी धंद्याने उद्यानरचनाकार.

पहिला नकाशा देखणा झाला. पाण्यालगत हिरवळ, कारंजे, दिव्यांचे नाजूक खांब आणि भेळ खायला एक चौथरा. भेळेवाचून पुण्यात बाग ती कसली! नकाशा घेऊन मी आत्याकडे गेलो. तिचे बालपण नारायण पेठेतले. चष्मा सावरून तिने कागद न्याहाळला आणि म्हणाली,

"छान आहे रे. पण पाणी कुठं बसणार?"

"पाणी?"

"माणसं संध्याकाळी येतील. नदी पावसाळ्यात येईल. तिची जागा कुठाय यात?"

मग तिने १२ जुलै १९६१ चा दिवस सांगितला. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि पूल गिळीत मुठा पेठांत शिरली. वाड्यांच्या मातीच्या भिंती बसल्या. पाणी ओसरले तेव्हा मागे राहिला गाळच गाळ. आणि दैवाची थट्टा अशी की, एवढा पूर येऊन गेला तरी नळाला थेंब नाही! धरणच गेले, नळाला येणार काय? लोक विहिरी आणि जुने हौद शोधीत हिंडले.

"ओंकारेश्वर मात्र जागचा हलला नाही हो," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी त्या पेशवेकालीन देवळापाशी जाऊन उभा राहिलो. आपल्या जुन्या घाटांचे शहाणपण तेव्हा कुठे ध्यानात आले. पाणी चढले की एकेक पायरी त्याला द्यायची आणि आपण वरच्या पायरीवर सरकायचे. उतरले की पुन्हा खाली. भांडण नाही, तंटा नाही!

घरी येऊन मी नकाशा पुसला. त्यावर आधी दोन पूररेषा ओढल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदाची लाल. खाली नुसत्या दगडी पायऱ्या, काठाला वाळुंज आणि करंज, आणि चौथरा वर, रस्त्यालगत. काम देणाऱ्यांचे तोंड उतरले. "यात दाखवण्यासारखं काय आहे?" असे त्यांनी विचारले. तो नकाशा अजून कागदावरच आहे.

आज मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा काठ सुधारण्याचा महापालिकेचा प्रकल्प आहे. २०२२ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. आराखडा साबरमतीचा काठ घडवणाऱ्या बिमल पटेल यांच्या संस्थेचा. काठ स्वच्छ व्हावा हे कोणाला नको आहे? पण पात्र आवळले तर पुराचे काय, जुनी झाडे तुटली तर काय, असे पुणेकरांनी विचारले, आणि ते हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. मुठेच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणे आहेत. तेव्हा हा प्रश्न काही पुणेरी तिरकसपणाचा नव्हे.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग ३५,००० क्युसेकच्या घरात गेला. भिडे पूल दिसेनासा झाला. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले. मी छत्री आणि दोन्ही नकाशे घेऊन लकडी पुलावर उभा होतो. पहिल्या नकाशातली हिरवळ, कारंजे, दिवे, चौथरा, सारे पाण्याखाली गेले असते. दुसऱ्यातल्या खालच्या पायऱ्या तेवढ्या बुडाल्या असत्या.

संध्याकाळी आत्याचा फोन आला.

"काय रे, बसलं का पाणी?"

"बसलं, आत्या. कागदावर तरी त्याला जागा पुरली."