एका टर्नमध्ये तलवार आणि मंत्र

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं होतं, पण रिकामा वेळ मिळाला की माणूस आधी झोपतो! असो. नातेवाइकांपैकी काही जण हल्ली वरचेवर विचारतात, "तुम्ही रविवारी माहुलला बसून फासे टाकता म्हणे?" टाकतो. पैसे लावत नाही. नेमकं काय करतो ते आज नीट सांगतो, कारण त्यातली एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय. एका हाताने तलवार चालवायची आणि त्याच दमात मंत्रही टाकायचा, तर त्याची किंमत काय पडते?

आमच्या खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात. "तू पुलावर उभा आहेस, समोरून तिघे येतायत, काय करतोस?" असं डीएमने विचारायचं, खेळाडूने काय ते सांगायचं, आणि जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. माहुल गावठाणात अक्काच्या घरी आमचा अड्डा. मी मुलुंडहून जातो, मीच डीएम. भाचा, भाची आणि त्यांचे दोन मित्र हे खेळाडू. रात्र झाली की खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते. अक्का मधूनच चहा घेऊन येते, "आज कोण मेलं?" एवढंच विचारते आणि जाते.

भाचा जादूगार. भाचीचं पात्र अर्धं लढवय्या आणि अर्धं मांत्रिक. पुस्तकात त्याला एल्ड्रिच नाइट म्हणतात, तिने त्याचं नाव ठेवलंय 'तांडेल'. तिच्या वडिलांकडच्या आजोबांची होडी होती आणि होडीवर तांडेल तेच. सुकाणू हातात, नजर पाण्यावर आणि तोंडाने खलाशांना हुकूम, असं तीन ठिकाणी एकाच वेळी असणारा माणूस तिने लहानपणी पाहिलेला आहे.

खेळातली लढाई फेऱ्यांमध्ये चालते. एक फेरी म्हणजे गोष्टीतले ६ सेकंद. प्रत्येकाला आपल्या टर्नला एक मुख्य कृती मिळते, जमल्यास एक छोटी जादा कृती, आणि फेरीभरात एकदा प्रतिक्रिया, म्हणजे दुसऱ्याने काही केलं तर झटकन द्यायचं उत्तर. एवढीच पुंजी. मोठे मंत्र दिवसाला ठरलेल्या वेळाच टाकता येतात. 'कॅन्ट्रिप' नावाचे छोटे मंत्र मात्र कितीही वेळा टाकावेत. मंत्र टाकायचा म्हणजे बहुधा तोंडाने म्हणायचा आणि हाताने मुद्रा करायची. आता एका हातात तलवार आणि दुसऱ्यात ढाल असेल तर मुद्रा कुठल्या हाताने करणार? इथेच गंमत सुरू होते.

हे कोडं खेळाइतकंच जुनं आहे. १९७४ च्या मूळ नियमांत जादूगाराला खंजिराखेरीज शस्त्र नव्हतं. एल्फ जातीचं पात्र लढवय्या आणि जादूगार दोन्ही होऊ शकत असे, पण एका मोहिमेत एकच काहीतरी. काय व्हायचं ते निघण्यापूर्वीच ठरवायचं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत चिलखत घालून मंत्र म्हटला तर तो फसण्याची टक्केवारीच छापून टाकली : चामड्याच्या चिलखताला १० टक्के, अंगभर लोखंडी चिलखताला ३५. २००६ साली 'डस्कब्लेड' आला. हा स्पर्शाने लागणारा मंत्र तलवारीच्या पात्यातून सोडतो. २०११ साली पाथफाइंडर या भावंड-खेळात 'मॅगस' आला. हा एकाच टर्नमध्ये वारही करतो आणि मंत्रही टाकतो, पण एक हात मोकळा ठेवावा लागतो आणि प्रत्येक वारातून २ वजा होतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एल्ड्रिच नाइट सातव्या पातळीला पोचला की छोटा मंत्र टाकून जादा कृतीत तलवारीचा एक वार करू शकतो. २०२४ च्या पुस्तकात हे पुन्हा बदललं : आता दोन वारांपैकी एका वाराच्या जागी छोटा मंत्र बसवता येतो. आम्ही अजून २०१४ च्याच नियमांनी खेळतो. पन्नास वर्षांत दर बदलत गेला. फुकट मात्र कुणीच दिलं नाही.

आपल्याकडे हा व्यवहार फार आधी मांडून ठेवलाय. शस्त्र म्हणजे हातात धरून कापायचं, अस्त्र म्हणजे फेकायचं, आणि महाभारतात ते मंत्र म्हणून फेकतात. बाण साधाच, मंत्राने त्याचं अस्त्र होतं. किंबहुना बाणही लागत नाही. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. अर्जुनाचे दोन्ही हात गांडीवात अडकलेले असतात, तरी त्याचं अडत नाही, कारण तिथे मंत्राची किंमत हातांनी चुकवायची नसते. ती स्मरणात आणि संयमात चुकवायची. कर्णाला परशुरामांचा शाप होता, म्हणून ऐन वेळी मंत्र आठवत नाही. द्रोणांच्या मृत्यूनंतर अश्वत्थामा नारायणास्त्र सोडतो. ते वाया गेल्यावर दुर्योधन म्हणतो, पुन्हा सोड. अश्वत्थामा सांगतो की ते दुसऱ्यांदा वापरता येत नाही. आमच्या टेबलावरच्या कुठल्याही पोराला हे लगेच कळतं : "स्लॉट संपला!" आणि शेवटी अर्जुनाला सोडलेलं अस्त्र मागे घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही. पुढे उत्तरेच्या गर्भावर काय गुदरलं ते आपल्याला ठाऊक आहेच.

तर आमच्या टेबलावरचा वाद. भाच्याचं म्हणणं, तांडेल म्हणजे 'एक ना धड भाराभर चिंध्या'. हिशोबाने पाहिलं तर त्याचं चूक नाही. सातव्या पातळीला त्याच्या जादूगाराकडे चौथ्या दर्जाचे मंत्र आहेत, तांडेलकडे जेमतेम दुसऱ्या दर्जाचे. नुसता लढवय्या घेतला असता तर तलवारीतही तो सरस ठरला असता. भाची यावर फारसं बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "सगळं ठीक चाललं असेल तर तुझंच बरोबर आहे."

मग एका रविवारी ट्रोल आला. हा राक्षस त्रासदायक आहे. तलवारीने कितीही कापा, दर टर्नच्या सुरुवातीला त्याचे १० गुण भरून निघतात. आगीने किंवा आम्लाने भाजला तरच पुढच्या टर्नला भरत नाहीत. भाच्याने आगीचे मोठे मंत्र आधीच दुसऱ्यांवर उधळले होते आणि आता त्याचा जादूगार बेशुद्ध होऊन चिखलात पडला होता. मित्रांची दोन्ही पात्रं लांब होती. ट्रोलचे २४ गुण उरलेले. हा आकडा फक्त मला माहीत. तांडेलचे ११.

भाचीने काय केलं ते क्रमाने सांगतो. तिने आधीच्याच टर्नला ढाल खाली टाकली होती. ढालीचे कायमचे २ गुण गेले, पण हात मोकळा झाला. ट्रोल अंगावर आला तेव्हा त्या मोकळ्या हाताने तिने प्रतिक्रियेत 'शील्ड' मंत्र टाकला. त्याने पुढच्या टर्नपर्यंत ५ गुणांचं संरक्षण मिळतं. ट्रोलचे तिन्ही वार चुकले. मग तिची टर्न. लढवय्याला 'सेकंड विंड' म्हणून थोडा दम परत मिळवता येतो, त्याला जादा कृती लागते. भाचा ओरडत होता, "आधी स्वतःला सावर!" तिने ते केलं नाही. 'ग्रीन-फ्लेम ब्लेड' हा छोटा मंत्र म्हणजे तलवारीचा वार आणि त्यावर आग. तो वार लागला. तलवारीचे १० आणि आगीचे ५. राखून ठेवलेल्या जादा कृतीत दुसरा वार, ११. एकूण २६. ट्रोल पडला, आणि भाजलेला असल्याने पुन्हा उठला नाही.

नुसत्या तलवारीचे हेच दोन वार केले असते तर ट्रोल ३ गुणांवर उरला असता आणि लगेच १३ वर गेला असता. नुसत्या मंत्राने तो २४ गुण खाली येणं कठीणच होतं. फासे बरे पडले हेही खरंच, नाहीतर अक्काच्या प्रश्नाला त्या दिवशी दोन नावं सांगावी लागली असती. पण फासे पडण्याआधी तिने काय काय खाली ठेवलं, ते मी बघत होतो. ढाल ठेवली, दम ठेवला. दोन्ही गोष्टी करणारा माणूस सगळंच हवं म्हणून हटून बसलेला असतो, असं आपल्याला बाहेरून वाटतं. जवळून पाहिलं तर त्याचा निम्मा वेळ आता काय सोडायचं या विचारात जातो.

आता नातेवाइकांसाठी. ही भाची एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. तीन शिफ्टची ड्युटी करते आणि सरकारी नर्सभरतीच्या परीक्षेचा अभ्यासही करते. नाइट करून घरी आली की दोन तास पुस्तक आणि मग झोप. तिला प्रत्येक लग्नात, प्रत्येक पूजेला कुणीतरी गाठून सांगतं, "दोन दगडांवर पाय ठेवू नकोस, एक काहीतरी धर." सांगणाऱ्यांच्या पोटात माया आहे, मला माहीत आहे. पण नोकरी सोडली तर घरातला हप्ता कोण भरणार, आणि अभ्यास सोडला तर ती याच पगारावर आणखी किती वर्षं नाइट करणार? ट्रोलला कापावंही लागतं आणि भाजावंही लागतं. एक करून भागत नाही, म्हणून ती दोन्ही करतेय.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "मामा, परीक्षा होईपर्यंत रविवारचं जमणार नाही. राग मानू नकोस." राग कसला मानायचा! "एक काहीतरी सोड" म्हणणाऱ्यांनी ऐकावं, तिने सोडलंय. आम्हालाच सोडलंय. आठवड्यातले ते चार तास तिचे हक्काचे होते, हसण्याचे होते, आणि तिने ते ढालीसारखे खाली ठेवले. ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. तेव्हा पुढच्या कार्यात ती भेटली तर उपदेशाऐवजी ताटात एक जादा पुरणपोळी वाढा आणि लवकर घरी जाऊ द्या.

आमचा खेळ चालू आहे. गोष्टीत मी तांडेलला किनाऱ्यावर होडीची डागडुजी करायला बसवलंय, त्याचा कागद माझ्या कपाटात आहे. गेल्या रविवारी तीन गॉब्लिन थेट भाच्याच्या जादूगारापर्यंत पोचले, कारण मध्ये उभं राहायला कुणी नव्हतं. त्याने फासे टाकले, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "मामा, ताईची परीक्षा नक्की कितीला आहे?"