वाळणं म्हणजे पथ्य मानवणं नव्हे!

मधुमेह म्हणजे बिनसाखरेचा चहा आणि सणावारी श्रीखंडाकडे पाठ, एवढंच आपण धरून चालतो. पण रक्तात वाढलेली साखर आणखी एका दुखण्याला दार उघडून देते. ते दुखणं म्हणजे क्षय.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. क्षय म्हटला की माहेरी पाचगणीचं नाव निघे; डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली तिथं बेल एअर सॅनिटोरियम काढलं होतं. सासरी नाव निघे ते सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीचं. नाव घेताना मोठी माणसं आवाज खाली आणत. ती धास्ती अजून गेलेली नाही. म्हणून तर खोकल्याला आपण ‘हवा बदलली’, ‘फोडणीचा ठसका’ अशी दहा नावं देतो, खरं नाव तेवढं घेत नाही.

आमच्या मोठ्या जाऊबाईंचंच पाहा. मधुमेह आठ वर्षांचा जुना. पावसाळ्यात त्या वाळू लागल्या. शेजारणी म्हणाल्या, “वहिनी, पथ्य छान मानवलं हो!” रात्रीचा घाम साखर उतरल्याचा, थकवा वयाचा, असं म्हणत दिवस गेले. तीन आठवडे खोकला हटेना, तेव्हा सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. क्षयाचे जंतू निघाले.

असं का व्हावं? क्षयाचे जंतू आपल्याकडे पुष्कळांच्या शरीरात असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना घेरून कोंडून ठेवतात, आणि बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. पण साखर सतत चढी राहिली की या पेशी सुस्तावतात. जंतू गिळायला आणि मारायला कमी पडतात. राखणदार पेंगला की कोंडलेला चोर सुटायचाच! म्हणून मधुमेह असलेल्यांना क्षयाचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. उलट क्षयामुळंही साखर चढते, आणि क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळं मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. तेव्हा दोन्ही दुखण्यांचे कागद एकाच वेळी डॉक्टरांपुढं ठेवा. गोळ्या आपल्या मनानं कमीजास्त करू नका.

खरी पंचाईत झाली ती स्वयंपाकघरात. सासूबाई म्हणत, “क्षयाला तूप-शिरा हवा.” मधुमेहाचा कागद म्हणे, गोड बंद. या ओढाताणीत जाऊबाई अर्धपोटीच उठू लागल्या. शेवटी दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, शिरा नको, गूळ नको, पण उपासही नको. मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडं, दही, मूठभर शेंगदाणे पोटात गेलेच पाहिजेत. तसं केलं, गोळ्या सहा महिने एक दिवस न चुकवता घेतल्या, साखर आटोक्यात ठेवली, आणि जाऊबाई बऱ्या झाल्या.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, आपोआप घटणारं वजन, यांतलं काही दिसलं तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. क्षय निघालेल्या माणसाची साखरही पाहायलाच हवी. सरकारचं धोरणही तेच आहे.

घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट आपण हौसेनं आणतो, आपला खोकला तेवढा पदराआड दाबतो. तो दाबू नका. आणि मधुमेह असलेली एखादी वहिनी अचानक वाळलेली दिसली, तर शाबासकी देऊ नका. तिला दवाखान्यात घेऊन जा.