दुकानदार कोण होणार?

मेळघाटातल्या जिल्हा परिषद शाळेत मूल येतं ते घरची कोरकू घेऊन. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचं काही नातं नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आली. आमच्या पोरांना ती तिसरी भाषा. मराठीत अर्थ सांगून भागत नाही. म्हणून मी तिसरीच्या वर्गात दुकान मांडतो.

दोन बाकं, बिस्किटांचे रिकामे पुडे, खरे कांदे-बटाटे, पोरांनी रंगवलेल्या नोटा. पाठ केलेले संवाद मात्र नाहीत. ते गॅदरिंगला ठीक. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न कोण मनापासून विचारणार? म्हणून दुकानदाराला एक चिठ्ठी: माल कोणता, भाव काय. गिऱ्हाइकाला दुसरी: आईनं काय मागवलंय, पैसे किती दिलेत. एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही. सगळी मेख इथे आहे. ‘हाऊ मच?’ विचारल्याशिवाय सौदा पुढे सरकतच नाही. ‘टेन रुपीज’ ऐकलं की आठच रुपये घेऊन आलेली पोरगी ‘टू मच!’ म्हणून पाठ फिरवते. आठवडी बाजारात आजीची घासाघीस तिनं पाहिलेली असते.

ब्रिटिश नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट शिक्षकानं स्वतःच सोंग घ्यावं यावर भर देत. मी विसराळू म्हातारा होतो, कांद्याला ‘पोटॅटो’ म्हणतो. ‘नो, नो! ओनियन!’ अख्खा वर्ग ओरडतो. सरांना दुरुस्त करायची संधी कोण सोडतो!

नव्या भाषेत मूल बरेच दिवस गप्प राहतं. शिकत नाही असं नव्हे. त्याच्या हाती तराजू द्यावा. असाच एक मुका तोलणारा एकदा टोपली उलटी करून म्हणाला, ‘नो पोटॅटो.’ मी कपाळाला हात लावला, ‘ओह! नो पोटॅटोज? देन गिव्ह मी ओनियन्स.’ बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं, खेळही मोडला नाही. बाकीच्या चुका वहीत टिपून दुसऱ्या दिवशी फळ्यावर घेतो. मधे कोरकूत कुजबूज चालते, ती चालू द्यावी. पुढचं वाक्य तिथेच जुळत असतं.

करून बघा. फक्त दुकानदाराची चिठ्ठी पोरांनाच लिहू द्या, म्हणजे दुकानात काय शिल्लक आहे हे तुम्हालाही खरोखर विचारावं लागेल.